यादीतलं पहिलं नाव

उकंडाजींच्या पत्राला धर्मपालांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. लग्नानंतर महिनाभरातच व्याह्यांनी ढाणकीहून लिहिलं होतं, ‘साधना तुमच्या घरात कशी आहे, खरं खरं कळवा. फोनवर सारेच चांगलं बोलतात.’ धर्मपाल कितीदा उत्तराला बसले. ‘सूनबाई फार चांगली आहे’ असं लिहायचं, वाचायचं आणि खोडायचं. सारा जन्म दिग्रसच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला, पण आपल्या हातून खरं वाटेल असं वाक्य उतरत नाही, अशी त्यांची खात्री होती.

आजही दुपारी कागद समोर होता. भिंतीपलीकडे साधनाचं काम चाललं होतं. कापूसवाल्यांना ती घरूनच व्हिडिओवर सल्ला देई. त्यांनी वावरातून वीस हिरवी बोंडं तोडून आणायची आणि कॅमेऱ्यासमोर एकेक फोडायची. विसांत दोन अळ्या निघाल्या तर फवारणी, नाहीतर नाही. चार वर्षांपूर्वी फवारता फवारता विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात गेली, तेव्हापासून ती कोणाला उगाच पंप उचलू देत नसे.

“रुक्माबाई, हलवू नका. तसंच धरा.”

“मी त धरूनच हाय. तूच अटकली. तोंड उघडं ठेवून फोटोसारखी बसली.”

“अळी लहान असली की पांढरी राहते. कापसात ओळखू येऊन नाही राह्यली.”

“मंग मारू का औषध? मालक पंप घेऊन उभा हाय.”

“नका मारू. पंप खाली ठेवायला सांगा. मी पुन्हा फोन लावते.”

“तुह्या घरी नेट हाय का बैलगाडी?”

धर्मपालांनी आपल्या फोनकडे पाहिलं. जुन्या मासिकाचा सहाशे पानांचा खंड उतरून येत होता, भराभर, न अडखळता. दिग्रसला नेट फार चांगलं आहे, असं ते भेटेल त्याला सांगत. एकाच घरात, एकाच तारेवर, इकडे पळतंय आणि तिकडे अटकतंय, हे त्यांच्या आज प्रथमच ध्यानात आलं.

राउटरची पुस्तिका त्यांच्याच कपाटात होती. छापलेला कागद त्यांनी कधी टाकलेला नव्हता. बत्तिसाव्या पानावर लिहिलं होतं की यादीत जे यंत्र पहिलं, त्याची गरज आधी भागते. उरेल ते बाकीच्यांना. राउटर पालथा करून त्यांनी चिठ्ठीवरचा पासवर्ड पाहिला, फोनवर राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं.

पहिलं नाव होतं, ‘बाबा’. दुसरं मुलाचं, अतुलचं. तो वणीला खाणीत कामाला, रविवारीच घरी यायचा. मग टीव्ही. सगळ्यात खाली साधनाचा लॅपटॉप.

ही यादी लावणारं घरात एकच माणूस होतं.

खंड उतरवणं थांबवलं असतं तरी आजचं भागलं असतं. पण उद्या ते पुन्हा दुसरं काही उघडणार, आणि पलीकडे कोणाचं तरी बोंड पुन्हा धूसर होणार. त्यांनी तिचं नाव धरून वर नेलं, स्वतःचं तळाला ठेवलं. मग बोट तसंच हवेत राहिलं. काही बिघडलं तर? तिला विचारावं तर तिचं काम मोडणार. डोळे बारीक करून त्यांनी ‘सेव्ह’ दाबलं.

राउटरचे सगळे दिवे गेले.

पलीकडे एकदम शांत झालं. पुस्तिका वाचून शहाणपणा करायला आपल्याला कोणी सांगितलं होतं? एक दिवा लागला. बऱ्याच वेळाने दुसरा.

“दिसून राह्यलं, रुक्माबाई. स्वच्छ.”

“मले वाटलं पळाली तू.”

“पंप कुठे आहे?”

“खालीच हाय. घे, फोडतो पहिल्यापासून.”

बोंडं फुटत गेली. साधना मोजत होती. भिंतीअलीकडे धर्मपालही मोजत होते, ओठ न हलवता. तेराव्या बोंडात अळी निघाली. विसावं फुटलं तरी दुसरी निघाली नाही.

“एकच. फवारणी नाही. आठ दिवसांनी पुन्हा वीस बोंडं दाखवा.”

“बरं झालं माय. तसाबी मालकाचा दम कोंडते औषधाच्या वासानं.”

थोड्या वेळाने साधना दारात येऊन उभी राहिली.

“बाबा, राउटर तुम्ही बंद केला होता?”

“यादी बदलली. चुकलं का?”

“तुमचं वाचन अटकेल आता.”

“पुस्तक थांबते. पंप घेतलेला माणूस थांबत नाही.” आणि मग, खाली पाहत, “मला पहिलं काहून ठेवलं होतं तू?”

“मागच्या वर्षी तुमचं पान अर्ध्यात अटकायचं. तुम्ही फोन पालथा ठेवून तासभर भिंतीकडे पाहत बसायचे.” ती हसली. “माह्या बाया अटकलं की शिव्या देतात. तुम्ही देत नाही.”

ती चहा ठेवायला गेली. धर्मपालांनी कागद ओढला.

‘उकंडाजी, सप्रेम जयभीम. आमच्या घरात नेट कोणाला आधी मिळावं याची एक यादी असते. ती साधनाने केली. यादीत पहिलं नाव माझं होतं आणि शेवटचं तिचं, आणि तिने मला हे कधी सांगितलं नाही.’

एवढंच झालं. खोडण्यासारखं काही सापडेना. यादी म्हणजे काय हे उकंडाजींना कळेल का, अशी शंका आली. पण ती बाजूला ठेवून त्यांनी पाकीट डिंकाने बंद केलं, चपला घातल्या आणि चहाला न थांबता पोस्टापर्यंत चालत गेले. पेटी रिकामी असावी. पत्र तळाला पडल्याचा आवाज आला.