तिसरं उदाहरण

"अति, अंत आणि अभाव." दिगंबरशास्त्र्यांनी 'अत्यंताभाव' हा शब्द फोडून दाखवला. "अंत ओलांडून गेलेलं नसणं. कुंभाराने न घडवलेलं मडकं आज नाही, उद्या असेल. त्याला आशा आहे. अत्यंताभावाला तीही नाही. जे कधी नव्हतं, नाही आणि होणारही नाही, ते."

पंचवटीतल्या त्या ओसरीवर न्यायशास्त्र शिकायला आता एकटी तृप्तीच यायची, नाशिकरोडहून कायनेटिकवर. तिची एम.ए.ची परीक्षा तोंडावर आली होती. शास्त्रीबुवांना मात्र विद्यार्थी एक असो की वीस, आवाज तोच. त्याच आवाजात त्यांनी तीन ठरलेली उदाहरणं सांगितली: सशाचं शिंग, आकाशातलं फूल, वांझेचा मुलगा. मग रिवाजाप्रमाणे तिला मोठ्यांदा म्हणायला लावली.

तृप्तीने पहिली दोन म्हटली. तेवढ्यात शास्त्रीबुवांच्या पत्नी, गोदाकाकू, चहा घेऊन उंबऱ्यात आल्या. लग्न होऊन जन्म लोटला, पण काकूंची कूस काही उजवली नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. तृप्तीलाही. 

"पुढे?" शास्त्रीबुवा म्हणाले.

तिने चोरून काकूंकडे पाहिलं. तिच्या नजरेमागोमाग शास्त्रीबुवांची नजर गेली, आणि एवढ्या मोठ्या पंडिताच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. किती सकाळी, किती पोरांकडून त्यांनी हे खड्या सुरात घोकून घेतलं होतं, आणि स्वयंपाकघर तर भिंतीपलीकडेच. बायकोने एकदाही तोंडातून शब्द काढला नाही, आणि आपण एकदाही विचारलं नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"तिसरं सोडून दे," ते खाल मानेनेच तृप्तीला म्हणाले. "यापुढे दोनच पुरेत."

काकूंनी कपबशी त्यांच्यापुढे ठेवली. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता; उलट त्या जरा घाबरल्यासारख्याच दिसल्या.

"अहो, त्याला नका गाळू," त्या म्हणाल्या. "या घरात त्याचं नाव तेवढ्यापुरतंच निघतं."