वेणीला माती

दोन एसट्या बदलून, कुंडी मांडीवर धरून, सहादेव कोल्हारहून राजूरला आला. मेव्हण्याच्या, वैजनाथच्या, ओट्यावर त्याने ती हळूच ठेवली. कुंडीत सीतेची वेणी, डोंगरातलं एक फुलझाड, होती. तिची पानं पिवळी होऊन गळाली होती. मधलं एकच हिरवं राहिलं होतं.

त्याची बायको चांगुणा जाऊन सहा महिने झाले होते. तिच्या हातचं एवढंच जिवंत उरलं होतं. ते जगावं, एवढंच त्याला हवं होतं. कसं जगवायचं ते तिच्या माहेरच्या डोंगरात कळेल, असं वाटून तो आला होता.

वैजनाथने कुंडी नुसती बघितली. त्याने चहा पाजला आणि दाजींना घरामागच्या रानात नेलं. तिथे जांभळीच्या खोडावर, डोक्याच्याही वर, वेणीचे झुबके होते. गुलाबी ठिपक्यांचे तुरे खाली लोंबत होते. काही मुळं सालीला चिकटलेली होती, काही नुसतीच वाऱ्यावर होती. सहादेवने जवळ जाऊन बघितलं. माती कुठेच नव्हती. त्याने ते बांडगूळच आहे का, असं विचारलं. वैजनाथ नाही म्हणाला. झाडाचं ती काही घेत नाही, नुसती बसते. पावसाळ्यात धुकं पिते, उन्हाळा कोरडा काढते.

"मग खाती काय?"

"वारं," वैजनाथ म्हणाला. "तुमच्या उसावानी खादाड न्हाई ती."

सहादेवने मग सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी चांगुणाने इथली पडलेली फांदी नेली होती. त्या फांदीवरची वेणी तिने विहिरीजवळच्या आंब्याला साडीच्या काठाने बांधली. ती फुललीसुद्धा. भादव्यात चांगुणाने अंथरूण धरलं. खाटेवरून आंबा दिसत नव्हता. म्हणून त्याने वेणी सोडवली, कुंडीत नदीकाठची काळीभोर माती भरली, दोन ओंजळी शेणखत घातलं आणि कुंडी तिच्या उशाशी ठेवली. खताशिवाय वीतभर तुरा येतो, तर खतावर हातभर येईल, असा त्याचा हिशोब होता. सकाळ-संध्याकाळ तो पाणी घालायचा. चांगुणा दिवसभर तिच्याकडे बघत पडायची. एकदा म्हणाली, बरं केलंत, आता डोळ्यापुढं राहील. हे सांगताना सहादेवला जरा बरं वाटलं.

ते ओट्यावर परत आले. वैजनाथने कुंडी उपडी केली. कुजका वास आला. मुळांचा काळा गाळ झाला होता. त्याने बोटांनी चाचपून पाहिलं, एकही मूळ घट्ट लागलं नाही.

"दाजी, माती दिली तुमी हिला," तो म्हणाला. "जित्याला माती देत्यात व्हय?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. कार्तिकात तो चांगुणाच्या मातीलाच कोल्हारला गेला होता.

सहादेव त्या हिरव्या पानाकडे बघत राहिला. आपल्याला ठाऊक नव्हतं, असं तो दोनदा म्हणाला. आपण बागायतीतला माणूस, माती घालायची एवढंच शिकलो.

"तिलाबी ठावं नसंल," तो म्हणाला. "न्हाईतर बोलली असती."

वैजनाथने हाताची माती धोतराला पुसली. 

"आक्काला ठावं हुतं, दाजी. तुमी लावली त्याच दिवशी तिचा फोन आल्ता. मी म्हनलं, लगीच काढायला सांग, सडंल."

"मग?"

"म्हनली, सडू दे. त्यांनी लई हौसेनं लावलीया."