स्टिअरिंगवरचा हात

मुलगा पाळकसाहेबांची गाडी चालवायला निघाला, की आई रोज दारातून बजावायची, "देवमाणूस आहेत ते. त्यांच्या केसालाही धक्का लागता कामा नये!"

"आणि माझ्या गं?"

"ते शेजारी बसलेले असताना तुला कसली धाड भरतेय!"

मुलाला मूठमाती दिली, त्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेब चर्चमध्ये धडधाकट उभे राहिले. "ट्रक थेट माझ्या अंगावर येत होता. शेवटच्या क्षणी देवानेच स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रक आदळला तो गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूवर. मला साधं खरचटलंसुद्धा नाही!"

"आमेन!" सगळं चर्च एका सुरात म्हणालं.

पहिल्या बाकावरून आईही म्हणाली. मग तिने शेजारणीला हळूच विचारलं,


"तेव्हा माझ्या लेकाचे हात कुठे होते गं?"