पत्र्याला ऊन लागतं म्हणून

त्याने पोरीचा जुना पाळणा उचलला आणि अंगणात फेकलाच. मागोमाग रंगाचे डबे, मोडकी सायकल, फुटकी सुटकेस. सकाळपासून तो एकटाच गॅरेज उपसत होता. शर्ट पाठीला चिकटला होता. चहा कधीचा निवून गेला होता.

बायको दारात उभी राहून बघत होती. लग्न झाल्यापासून तिचा एकच हेका. अडगळ काढ, गाडी आत लाव, उन्हाने रंग उडतो, पत्रा खराब होतो. तो दर वेळी हसण्यावारी न्यायचा. आज न सांगता कामाला लागला होता. सूर्य कुठून उगवला, असं तिने विचारलंही. तो हसला नाही. तूच म्हणतेस ना ऊन लागतं, एवढंच म्हणाला.

सासरे ओट्यावर बसले होते. उभा जन्म बस चालवलेला माणूस. त्यांना हे खूळ पटलं नव्हतं. बंद जागेत ओल धरते, त्यापेक्षा वाऱ्यावर उभी गाडी कमी गंजते, असं त्यांचं म्हणणं. गाडी म्हणजे काय दागिना आहे, तिजोरीत ठेवायला, असा टोमणाही मारून झाला. एरवी एवढ्यावर बापलेकांची तासभर जुंपली असती. मुलगा नुसता हो हो करत राहिला.

काल संध्याकाळी त्याने गाडी गॅरेजच्या शटरला नाक टेकवून लावली होती. नेहमी तिचं तोंड रस्त्याकडे असायचं. बॉनेटवर जुनी चादर टाकली होती. पाखरं घाण करतात म्हणे.

बायकोचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. तिचं मनच थाऱ्यावर नव्हतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना काल घरी जाताना कुणीतरी उडवलं होतं. गाडी थांबली नाही. बाई अजून शुद्धीवर नव्हत्या. हिच्या पोरीला सगळी इंजेक्शनं त्यांनीच दिली होती. गप्पांत असं गुंतवायच्या की सुई टोचलेली पोरीला कळायचीही नाही. सकाळपासून हिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

जागा झाली तशी त्याने गाडी सरळ आत घेतली आणि शटर खाली ओढलं.

तेवढ्यात फाटकाशी नर्सबाईंचा नवरा आला. तो शिंपी. गळ्यात टेप तशीच लटकत होती. सकाळपासून तो गल्लीतून फिरत होता. कुणाला काही विचारत नव्हता. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीसमोर वाकायचा, दिव्यांवरून हात फिरवायचा, पुढे जायचा. इथे फरशीवर तेलाचा काळा डाग होता. गाडी नव्हती.

"तुमची गाडी?"

बायको तोंड उघडणार, त्याआधीच तिचा नवरा बोलला. आत घेतली. ऊन लागतं, रंग जातो. हिचीच कधीची भुणभुण होती. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग तिला चादर आठवली. मग शटरला टेकवलेलं नाक. तिने दाराची चौकट धरली.

शिंप्याने मान हलवली. जपलेलं बरं, म्हणाला. आमच्या हिलाही वस्तू जपायची फार सवय. आणि तो शेजारच्या गाडीकडे वळला.

नवऱ्याने तिचं मनगट पकडलं. नखं रुतली.

"पोरीकडे बघ," तो पुटपुटला. "मला पकडून नेलं तर तुम्हा दोघींचं काय? पाया पडतो तुझ्या."

तिने पोरीकडे बघितलं. पोरीने अडगळीतून आपला पाळणा ओढून काढला होता. त्यात बाहुली निजवली होती. बाहुलीच्या दंडाला ती बोटाने हळूच टोचत होती आणि अगदी नर्सबाईंच्याच सुरात तिला विचारत होती, तुमच्या मांजरीचं नाव काय, ती दूध पिते का, झालंसुद्धा बघ.

तिने मनगट सोडवून घेतलं. शटरपाशी गेली आणि ते दोन्ही हातांनी वर ढकललं. शिंपी शेजारच्या फाटकातून बाहेर पडत होता.

"दादा, थांबा," ती म्हणाली. "आमची बघायची राहिली."