पेल्यातलं पाणी

"क्लच हळू सोड, रक्षा. मी पेला धरून बसलो आहो," टिकाराम शेजारच्या सीटवरून म्हणाला.

रक्षाने क्लच सोडला. गाडीने आचका दिला आणि अर्धं पाणी बापाच्या मांडीवर सांडलं.

"गेलं! दुसरं भरून आणू का, बाबा?"

"नाही. या वेळचं झालं."

चैत्रापासून टिकारामने व्रत धरलं होतं. अळणी जेवण आणि दिवसाला मोजून तीन पेले पाणी. सोमवारी-गुरुवारी बसने भंडाऱ्याला देवदर्शन. संध्याकाळी खिशात बत्तासे घेऊन यायचा आणि आल्या आल्या आडवा व्हायचा. घरात कोणी कारण विचारलं नाही. व्रताचं कारण विचारलं की फळ जातं, असं रक्षाची आई चंद्रकला मानायची. मीठ घालण्याआधी ती त्याची भाजी वेगळी काढून ठेवी, एवढंच.

वीस वर्षं प्रवासी जीप चालवलेल्या माणसाने स्टेअरिंगही सोडलं होतं. रक्षाला अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात त्याने तिला शिकवायला घेतलं. आरटीओने तिला पास केलं, बापाने नाही. त्याची अट एकच होती. मोहाडीहून भंडाऱ्यापर्यंत थेंबही न सांडता गाडी न्यायची, मग चावी तिची. पहिली फेरी आंबागडच्या किल्ल्याची, असं तिने मैत्रिणीला, रिताला, कधीच सांगून टाकलं होतं.

गुरुवारी टिकाराम म्हणाला, "आज बस नाही. तूच ने."

ऊन रणरणत होतं, तरी त्याने लांब बाह्यांचा सदरा घातला होता, मनगटाशी बटण लावून. पेला काठाला बोटभर कमी भरलेला.

"रोज हाच रस्ता काहून, बाबा? एखाद्या दिवशी तुमसरकडे जाऊ न."

"हा रस्ता डोळे झाकून आला पायजे तुले."

"झाकू का मग?"

"झाक, झाक. तुही माय दोघायचे फोटो संगंच लावते भिंतीले."

रक्षा फस्सकन हसली. तेवढ्यात तणसाच्या ट्रॅक्टरमागून एक शेळी आडवी आली. तिने ब्रेक दाबला, पण दाबला तो हळूच, पायाने विचारत विचारत. पाणी काठापर्यंत चढलं, थरथरलं आणि परत बसलं.

शेळी गेली. टिकारामने पेल्यातला एक घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"आता शिकली तू," तो म्हणाला.

भंडाऱ्यात शिरताच रक्षाने हात पुढे केला. "चावी माझी न?"

"अजून पोचलो कुठं? डावीकडं घे. त्या पांढऱ्या फाटकातून आत."

"मंदिर तर मागं राहिलं, बाबा."

"सांगतो तेवढं कर. गाडी उलटी लाव, तोंड बाहेर. जाताना मी झोपतो, तुले एकटीलेच काढा लागते."

तिने एका दमात गाडी लावली. टिकारामने चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली, वरून तिची मूठ मिटली. मग खाली उतरून सदऱ्याचं बटण सोडलं आणि डावी बाही वर सारायला लागला.

पायऱ्यांवरून एक नर्स हसत खाली आली. "काका, आज बसनं नाही आले का? पाणी मोजूनच पिऊन राहिले न? चला, चार नंबरची डायलिसिस मशीन लावूनच ठेवली आहे."