हरलेली डिस्क

"भाऊ, जुन्या लग्नांच्या डिस्का आहेत का जी तुमच्याजवळ अजून?"

गिरिधरने कपाटातून डोकं बाहेर काढलं. दारात एक बाई उभी होती. डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मोजे. मे महिन्याच्या उन्हात धंतोलीच्या रस्त्यावर सगळ्याच बाया अशा दिसतात.

"संध्याकाळी भंगारवाला येऊन राहिला, ताई. उद्या आल्या असत्या तं नुसत्या भिंती दिसल्या असत्या."

लग्नाच्या शूटिंगचं हे दुकान आता औषधवाल्याने घेतलं होतं. कॅसेट गेली, व्हीसीडी गेली, डीव्हीडी गेली, गिरिधर मात्र तीन कपाटं भरून लोकांची लग्नं सांभाळत बसला होता. महिनाभर त्याने एकेकाला फोन केले, बावा, येऊन घेऊन जा. लोक म्हणाले, आता पाहू कशावर? एकाने तर सांगितलं, फेकून द्या, आमचा घटस्फोट झाला.

"कोणाचं लग्न?"

"कौसल्या अन् जितेंद्रचं. हिंगण्याच्या सभागृहात झालं होतं."

गिरिधरच्या हातातलं फडकं तिथंच राहिलं. ते लग्न तो विसरणंच शक्य नव्हतं. जितेंद्रचा जुना नंबर तेवढा महिनाभर लागला नव्हता.

त्या हिवाळ्यात दोन नव्या डिस्कांची जगभर मारामारी चालू होती, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. गिरिधरच्या साळ्याने जपानहून एचडी डीव्हीडीचं रेकॉर्डर आणून दिलं. पाहा लेको, पुढची पन्नास वर्षं हेच चालणार, असं गिरिधरने पानठेल्यावर छाती ठोकून सांगितलं, आणि हौसेने पहिलंच लग्न त्यावर उतरवलं. उन्हाळा लागायच्या आत कंपनीनेच हात वर केले. एवढा पोपट झाला की पानठेल्यावर त्याचं नाव 'एचडी' पडलं. ते पहिलं लग्न शेवटचंच ठरलं. ती डिस्क दुसऱ्या कोणत्या मशीनमध्ये टाकली तर चालतच नसे.

"साधी सीडी बी दिली होती न मी तुम्हाले?"

"ते केव्हाचीच खराब झाली."

"जितेंद्रभाऊ कसे आहेत?"

"गेले. कंपनीतून मोटरसायकलनं येत होते. ट्रकनं उडवलं."

गिरिधरने स्टूल पुढे केलं, माठातलं पाणी दिलं. बाईने पेला हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

"सासरचे म्हणतात, लग्नच झालं नाही. हे अशीच राहत होती म्हणतात. नोंदणी केली नव्हती. अल्बम त्यांच्याच घरी. घर, पेन्शन, सगळं सासूच्या नावानं करून राहिले. वकील म्हणते, लग्नाची डिस्क सापडली तं ठीक, नाही तं बाई रस्त्यावर येईन."

गिरिधरला फार वाईट वाटलं. मेलेल्या माणसाच्या बायकोला असं म्हणणारे लोक असतात, हे त्याला ठाऊक होतं. पण इथं तर त्याच लोकांच्या मांडवात त्याने स्वतः पोटभर जेवण केलं होतं.

डिस्क सापडली. रेकॉर्डरवरची धूळ पुसून त्याने ते टीव्हीला जोडलं, जपानी मशीनला लागणारा ट्रान्सफॉर्मर लावला. बराच वेळ आतून घरघर आली आणि मग मंडप दिसायला लागला. ओठावर तीळ असलेली नवरी हसून हसून लाल झाली होती.

"पाहा, पाहा! तुम्ही!"

बाईने मान हलवली. तेवढ्यात वरातीत एक पोरगी बेभान नाचताना दिसली.

"हे नणंद न तुमची? माह्या लाइटची वायरच तुडवली होती बाप्पा हिनं."

"तारा," बाई म्हणाली. "भावावर लय जीव होता तिचा."

"काय कामाचा असा जीव? भावाच्या बायकोले घराबाहेर काढून राहिली न!"

पडद्यावर सासू अक्षता टाकत होती.

"बंद करा जी. सगळेच दिसून राहिले याच्यात."

"मंग? कोर्टात कोणाची टाप आहे नाही म्हणायची! उद्या या, पेनड्राइव्हवर उतरवून देतो."

"नको. वकिलाले मूळच पाहिजे. अजून कुठं आहे का हे?"

"कुठं बाप्पा! कॉम्प्युटर बसला, तवा सगळंच गेलं. आता हे एकच."

"अन् हे मशीन? कोर्टात लावाले लागन."

गिरिधरने क्षणभर रेकॉर्डरकडे पाहिलं. इतकी वर्षं त्याने ते विकलं नव्हतं, फेकलं नव्हतं, कशासाठी ठेवलं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. आता कळलं, असं त्याला वाटलं. त्याने ते जुन्या चादरीत गुंडाळलं, स्वतः नेऊन तिच्या गाडीवर ठेवलं. बाई पर्स उघडायला लागली तसा तो रागावलाच.

"ठेवा ते! या डिस्कीपायी अख्खा पानठेला हसला मले. तुमचं काम झालं म्हणजे माहं भरून पावलं."

संध्याकाळी भंगारवाल्याने कपाटं रिकामी केली. गिरिधरला जेवढं रडू येईल वाटलं होतं तेवढं आलं नाही. सगळी लग्नं गेली, एक तरी कामी आलं, असं तो घरी बायकोला दोनदा सांगून झोपला.

दुसऱ्या दिवशी तो किल्ली द्यायला दुकानात आला, तर पायरीवर एक बाई बसलेली. हिंगण्याहून बसने आली होती, घामाने निथळत होती. त्याला पाहताच ती उठली आणि तिने तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला. ओठावर तीळ होता.

"ओळखलं नाही का भाऊ? मी कौसल्या," ती म्हणाली. आतल्या रिकाम्या भिंतींकडे तिचं लक्षच गेलं नाही. "परवा नणंदेच्या तोंडावर सांगून देल्लं मी, बोला किती खोटं बोलता तं. माह्या लग्नाची डिस्क गिरिधरभाऊजवळ आहे, अन् ते काही फेकणारे नाहीत."