थोरलीचा शब्द

आठवडाभर स्नेहलचं वागणं तानाबाईंच्या डोळ्यात सलत होतं. नात जेवताना ताटातून डोकं वर काढत नव्हती. काही विचारलं की नुसतं ‘व्हय’. माळ्यावरची बॅग काढून घासून वाळत टाकली. कारण काय, तर म्हणे उंदरानं घाण केली. आणि आज, लसणाची चटणी कुटत बसलेल्या आजीला हात धुवायला लावून ही बया सोंगं घेऊन खेळायच्या त्या फाशांच्या खेळाला बसवून मोकळी.

“हुपरीच्या पावण्यांचा डबा भरायचाय अजून. लौकर आटप,” तानाबाई म्हणाल्या.

“आज्जी, उद्या हे नियम खेळ बनवणाऱ्या बेंगळुरूच्या कंपनीला द्यायचेत. आज फसलं तर माझी कातळी जमातच खेळातनं काढून टाकतील.”

कातळी म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारी माणसं. त्यांची जादू इतकी जबर, की खेळात बाकीच्यांना कामच उरत नव्हतं. म्हणून स्नेहलनं नवा नियम बसवला होता. घरातल्या थोरलीनं तोंडानं ‘जा’ म्हटल्याशिवाय धाकटीचा मंत्र चालायचा नाही. आणि एकदा दिलेला शब्द थोरलीला परत घेता यायचा नाही.

“हे कुठनं सुचलं गं तुला?”

खेळ चालवायला बसलेला स्नेहलचा मित्र वीरेश खोकल्यासारखं करून हसला.

“तर आज्जी, तुम्ही थोरली, ही धाकटी,” तो म्हणाला. “गुहेत पाणी शिरलंय. मंत्रानं धाकटी उडून बाहेर पडंल. पण मंत्र एकटीलाच उचलतो. थोरली मागं राहणार, अंधारात.”

“मग बसू दे की तिलाबी हितंच. पाणी काय, उतरंल.”

वीरेशनं फासा टाकला. “कमरेला लागलं.”

“जा म्हण की आज्जी.”

“बाहेर कोण हाय तिचं? खायाप्यायचं काय?”

“बघंल की ती.”

“तू गप. तुला दुधाखालचा गॅस बंद करायचं ध्यानात ऱ्हात न्हाय.”

पुन्हा फासा. “गळ्यापर्यंत आलं.”

“आज्जी, येळ न्हाय उरला गं.” ओढणीचं टोक बोटाला आवळून आवळून स्नेहलचं बोट पांढरं पडलं होतं.

पाणी नुसतं बोलण्यातलं, पण तानाबाईंचे पाय गार पडल्यागत झाले. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

“जा,” त्या म्हणाल्या.

वीरेशनं फासा उचललाच नाही. तो स्नेहलकडे बघत राहिला. स्नेहल उठली, परत बसली.

“आज्जी... शब्द माघारी घ्यायचा न्हाय हां. नियम हाय.”

तानाबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“येवढी गुहा खणलीस, पाणी सोडलंस, ह्या बिचाऱ्याला राबवलंस, पण ‘नोकरीला जाऊ का’ असं आज्जीला सरळ तोंडानं विचारायचं धाडस झालं न्हाय! भित्री हायस, स्नेहल. चटणीचा डबा हुपरीला न्हाय, तुझ्यासंगं बेंगळुरूला चाललाय.”